घरटी एक बाई

आमच्या गावात ज्यावर अजून संशोधन झालेलं नाही अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे संशोधन करायला येणारी माणसं. ते काम मी बरीच वर्षं फुकट करते आहे, आणि माझं मत चांगलं नाही.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. बाटल्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवणं, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवणं, हे माझं काम. घर गावात, पावसच्या रस्त्यावर. लग्न केलं नाही, त्यामुळे माहेरीच आहे. घरात दादा, वहिनी, मुंबईत नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाची बायको आणि मी. सगळा गाव मला ओळखतो आणि मला सायन्स कळतं, एवढ्या दोन गुणांवर विद्यापीठातून कोणीही आलं की कॉलेज त्याच्या हातात माझा फोन नंबर ठेवतं. मग मी त्यांना घरं दाखवायची, लोकांना जमवायचं, पाणी प्यायला द्यायचं. काही वर्षांनी एक जाडजूड प्रबंध होतो आणि त्यात शेवटच्या पानावर जीपच्या ड्रायव्हरसोबत माझे आभार असतात, 'स्थानिक सहकार्य' या नावानं. मला नावानं कोणी छापलेलं नाही. मीही इथं कोणाचं नाव घेणार नाही, फिट्टंफाट.

आले किती म्हणून सांगू. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरची, बोटाएवढी फुलं मोजायला आले, कातळावरच्या डबक्यातले बेडूक पकडायला आले, खाडीतला चिखल पिशव्या भरभरून न्यायला आले. म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ का, मुंबईला गेलेल्यांच्या बायका घरात निर्णय कसे घेतात, शिमग्याच्या पालखीला कोण खांदा देतो, यावर वेगवेगळी माणसं आली. एका मुलीनं तर विहिरीपासून प्रत्येक घराच्या चुलीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, आणि कशासाठी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. या सगळ्यांत एक खोड सारखी. ज्याला जे हवं तेवढंच त्याला दिसायचं. बेडूकवाले वाडीतून जाताना माणसांच्या अंगावरून चालत जायचे आणि हाडंवाले बायकांकडे बघताना फक्त मनगट बघायचे. संध्याकाळी आमच्या खळ्यात बसून कोकम सरबत पिताना मात्र सगळ्यांचं एकमत असायचं, की गाव किती छान, किती शांत.

त्या हिवाळ्यात तिघं येत होते. एक फुलंवाला, प्राध्यापक, डोक्यावर कायम कापडी टोपी. दुसरा डॉक्टर, रक्त घ्यायला येणारा. तिसरी एक तरुण मुलगी, समाजशास्त्राची, जिचं काम होतं लोकांना प्रश्न विचारणं. तिघं एकाच विद्यापीठाचे. गाडी एकच मिळायची, म्हणून एकाच जीपमधून यायचे. मला वाटायचं तीन-साडेतीन तासांच्या वाटेत एकमेकांचं काम तरी विचारत असतील. ड्रायव्हरनं एकदा सांगितलं की नाही, जेवायला कुठं थांबायचं आणि परत कधी निघायचं यावरूनच काय ती भांडणं.

डॉक्टरचं काम मला पटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे मोहोर आला की आंब्याच्या कलमांवर फवारणी होते. नळी पुरुष धरतात, पण पिंपात पाणी भरायचं आणि त्यात औषध कालवायचं काम बायांचं. हातात मोजे नाहीत, तोंडाला फार तर ओढणी. दादाच्या बागेत हे काम लग्न होऊन आल्यापासून वहिनी करते. त्या वर्षी तिचा हात कापायला लागला होता. सुईत दोरा ओवता येईना, डोळ्यांतून सारखं पाणी, फवारणीच्या दिवशी जेवण समोर आलं की उमासे. दादा म्हणायचा वय झालं. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

डॉक्टरनं मला समजावलं ते असं. या औषधांनी रक्तातलं एक द्रव्य कमी होतं. ते प्रत्येकात मुळातच कमीजास्त असतं, म्हणून एकदा मोजून उपयोग नाही. फवारणी सुरू व्हायच्या आधी एकदा मोजायचं, हंगाम संपताना त्याच बाईचं पुन्हा मोजायचं, आणि दोन्हीतला फरक बघायचा. खूप उतरलं असेल तर त्या बाईला औषधापासून लांब ठेवायचं. मला हे लख्ख कळलं. वहिनीचा हात वयानं कापतोय की पिंपामुळे, हे सांगणारा एक कागद आमच्या घरात येणार होता, आणि दादा माणसाचं ऐकत नसला तरी कागदाचं ऐकतो. मी स्वतः वहिनीला घेऊन गेले. दिवाळीच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात पहिलं रक्त घेतलं, तिला निळं कार्ड मिळालं.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारी संपत आला होता. आदल्या दिवशी डॉक्टरचा फोन आला, उद्या येतोय, बायकांना निरोप द्या. मी वाडीच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, कार्ड घेऊन शाळेत या.

आता आमच्याकडे गावाचं काम कसं होतं ते सांगायला हवं. ओढ्यावर बंधारा घालायचा असो, पाखाडीच्या दगडी पायऱ्या साफ करायच्या असोत, देवळापुढं मांडव घालायचा असो, निरोप एकच असतो, घरटी एक माणूस. कोण यायचं ते घरानं ठरवायचं. आज बाप आला तर उद्या मुलगा, परवा सून. हजेरी घराची लागते, माणसाची नाही, आणि घरातलं कोणी आलं नाही तर मात्र वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. शाळेत कोणी साहेब येणार असला तरी हेच, डोळ्यांचं शिबिर असलं तरी हेच.

त्या दिवशी दादाची शेवटची फवारणी होती. वहिनी पिंपाकडे. निळं कार्ड घेऊन शाळेत गेली ती धाकटी, धाकट्या भावाची बायको. ती बागेत कधी जात नव्हती, घर आणि गोठा तिच्याकडे. व्हरांड्यात आडनाव पुकारलं, तिनं होय म्हटलं, दंड पुढं केला. आमच्या वाडीत निम्म्या घरांचं आडनाव एकच आहे. रक्त घेणाऱ्या पोरानं कार्डावरचा आकडा बाटलीवर लिहिला आणि पुढच्या बाईला बोलावलं.

मी कुठं होते? मी शंभर पावलांवर होते. फुलंवाला सड्यावर वाळलेली माती खरवडायला गेला होता, तिच्यात म्हणे बिया झोपलेल्या असतात. आणि प्रश्नवालीनं मला देवळाच्या पायरीवर बसवून घेतलं होतं. ती विचारत होती, गावाची कामं वाटून कशी घेता? मी तिला घरटी एक माणूस ही पद्धत सांगत होते. तिला इतका आनंद झाला की तिनं वहीत दोनदा अधोरेखित केलं. म्हणजे इथं माणूस मोजत नाहीत, घर मोजतात, असंच ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, असंच. शाळेच्या व्हरांड्यात त्याच क्षणी काय चाललं होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि मला सुचलं नाही.

मिरगाच्या सुमाराला कागद आले. वहिनीच्या कागदावर होतं, दोन्ही वेळच्या तपासणीत लक्षणीय फरक नाही. खाली डॉक्टरची सही. दादानं तो रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि त्या दिवसापासून वहिनीचं दुखणं हे दुखणं राहिलं नाही. हात कापतो म्हटलं की तो पिशवीकडे बोट दाखवायचा. माझंही तेच झालं. मी डबल चेक करणारी बाई, मीसुद्धा मनात म्हटलं, चला, औषध नाही, दुसरं काहीतरी असेल. तिला रक्तवाढीच्या गोळ्या आणून दिल्या. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पुढच्या हंगामात जानेवारीत ती पिंपाशेजारी पडली. तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. रिक्षात घालून रत्नागिरीला नेली. वाचली, कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंना बघताक्षणी कळलं. त्यांनी विचारलं, आधी कधी तपासणी केली होती का? दादानं पिशवीतून कागद काढून दिला, अगदी विश्वासानं. त्यांनी तो दोनदा वाचला, वहिनीकडे बघितलं आणि परत दिला. हा हिचा असणं कठीण आहे, एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी धाकटी गोठ्याच्या दाराशी उभी राहून रडायला लागली. ते रक्त तिचं होतं. तिला वाटलं होतं की कार्ड घराचं आहे.

मी तिच्यावर ओरडले. मग डॉक्टरवर, म्हणजे त्याच्या नावानं, कारण तो समोर नव्हता. रक्त घेताना चेहरा बघायला काय झालं होतं, एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रं. बराच वेळ तोंडसुख घेतलं. वहिनी हॉस्पिटलमधून आल्यावर तिच्या उशाशी बसून तेच दळण चालू होतं, तेव्हा ती म्हणाली,

"वन्सं, निरोप तुमचाच होता ना. घरटी एक बाई या, असं म्हणालात."

मी फोन काढला. ग्रुपवर खूप मागे जावं लागलं. माझाच आवाज, घाईतला, मागे एसटीचा भोंगा. उद्या दहा वाजता शाळेत रक्त घ्यायला येतायत, निळं कार्ड आणा, घरटी एक बाई. हे शब्द मी ठरवून म्हटले नव्हते. आमच्या तोंडून निरोप निघतो तोच मुळी या शब्दांत. ज्या बाईनं आयुष्यात कधी चुकीची चिठ्ठी बाटलीवर लावली नाही, तिनं एका निरोपात सगळ्या वाडीच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या.

मी वहिनीला विचारलं, तुला ठाऊक होतं ना धाकटी गेली ते, मग कागद आल्यावर बोलली का नाहीस? ती म्हणाली की तिला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, त्यांना रक्तावरून कळत असेल कोणाचं ते. आणि नंतर, सगळेच बरं आहे म्हणायला लागल्यावर, तिला वाटलं आपणच कामाचा कंटाळा करतोय.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर गेले. कोणाच्या ऐवजी कोण गेलं होतं ते विचारलं. लाज कोणालाच नव्हती, लपवाछपवीही नव्हती. हो गो, मला वेळ नव्हता, सूनबाई गेलेली. एका घरातून तर सासू दोन्ही कार्डं घेऊन गेली होती आणि दोन्ही दंड पुढे केले होते. मी कागदावर यादी केली. ती वाचून झाल्यावर मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

डॉक्टरला फोन लागेना. मग मार्चमध्ये आमच्याच कॉलेजात एक दिवसाचं चर्चासत्र ठरलं. विज्ञान, आरोग्य आणि समाज अशा तिन्ही शाखांचं संशोधन एकाच व्यासपीठावर येणार होतं. पडदा लावणं, माइक तपासणं, पाण्याच्या बाटल्या मांडणं अर्थातच माझ्याकडे. मी सगळं लावलं आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

आधी फुलंवाला बोलला. सड्यावर पाऊस नसताना काही नसतं असं वाटतं, पण मातीत सगळं असतं. टाळ्या. मग प्रश्नवाली. तिच्या पडद्यावर आमचं देऊळ, आमची पायरी, आणि मोठ्या अक्षरांत माझंच वाक्य, की इथं माणूस मोजत नाहीत, घर मोजतात. अधिक टाळ्या. तिच्या मागोमाग, त्याच पडद्यावर, डॉक्टर. त्यानं आमच्या बायकांच्या रक्ताचे खांब दाखवले, आधीचे निळे, नंतरचे लाल. आमच्या गावापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला की इथले आकडे जरा आश्चर्यकारक आहेत, बऱ्याच जणींचं हंगामानंतर वाढलेलंच दिसतं. कदाचित मासळीच्या आहाराचा परिणाम असावा, यावर पुढं संशोधन व्हायला हवं.

प्रश्नवाली पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होती. मान डोलावत होती. पाच मिनिटांपूर्वी तिनं जे सांगितलं त्यात याचं उत्तर होतं, आणि तिला कळत नव्हतं. डॉक्टरनं पाच मिनिटांपूर्वी ते ऐकलं होतं, आणि त्याला कळत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी फिरवायचा माइक माझ्याच हातात होता, तो तसाच तोंडाशी धरला.

"डॉक्टर, ते मासळीमुळे नाही. नंतरचं रक्त दुसऱ्या बायकांचं आहे. माझ्याकडे यादी आहे."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. मी सगळं सांगितलं. माझा निरोपही सांगितला, तो गाळला नाही. वहिनी पडल्याचं सांगितलं. प्राचार्यांनी वेळ संपल्याची खूण केली. डॉक्टर यादी हातात घेऊन उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. शेवटी तो म्हणाला की हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यावर तो म्हणाला की आता तुमचं गाव यातून वगळावं लागेल.

वगळलं. मोठं सोपं आहे ते. चहाच्या वेळी मी त्याला गाठून म्हटलं की आमच्या घरात तुमच्या सहीचा एक खोटा कागद आहे, तो रद्द झाला असं मला लिहून द्या. त्याची पद्धत पाहावी लागेल, समितीला विचारावं लागेल, असं म्हणत त्यानं बशी खाली ठेवली. प्रश्नवाली धावत आली. तिला हे सगळं फारच महत्त्वाचं वाटत होतं, मी तिला मुलाखत देईन का, वहिनीही बोलतील का? फुलंवाला वडे गरम आहेत का ते बघत होता. तिघांनाही एकेक कानफटीत द्यावीशी वाटली. पण माझ्या कानफटीत कोण देणार होतं, हेही मनात आलंच, म्हणून मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले.

समितीचा कागद आलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्वच्छ लिहून दिलं होतं की वहिनीनं फवारणीच्या आसपासही जायचं नाही. दादानं तो कागदही पिशवीत ठेवला. कागदाचं तो ऐकतोच. पावसाळाभर घरात कोणी पिंपाचा विषय काढला नाही. वहिनीचा हात अजून कापतो, पण डोळ्यांचं पाणी थांबलं आहे.

या नोव्हेंबरात मोहोराची चाहूल लागली. एका सकाळी मी डबा घेऊन निघाले तर खळ्यात निळं पिंप काढून ठेवलेलं, नळी गुंडाळून शेजारी. माणसं बागेत पोचली होती. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होती, मान वर न करता. धाकटी तोंडाला ओढणी बांधत होती.

मी दादाला म्हटलं, हिला कशाला? तो वैतागला नाही. त्यानं सरळ पिशवी उघडली आणि तो जुना कागद, डॉक्टरच्या सहीचा, बाहेर काढला.

"हा तिचाच ना? तूच सांगितलंस. काय फरक नाय म्हणून लिहिलंय."

मी म्हटलं, त्या वर्षी ती बागेत नव्हतीच, त्या कागदाला काही अर्थ नाही. आधीचं रक्त वहिनीचं, नंतरचं हिचं, असा कागद कोणाचाच नसतो. हिला पाठवू नको. मोजे घे, मास्क घे, गडी लाव. गडी मिळत नाहीत, तो म्हणाला, आणि ते खरं आहे. मी पुन्हा म्हटलं, हिला पाठवू नको. धाकटी ओढणीची गाठ अर्धवट धरून आमच्या दोघांकडे बघत उभी होती. तिला वाटत होतं की मी काहीतरी करेन.

"मग घरातलं कोण येणार गो?" दादा म्हणाला. "तू येतंस?"

अगदी साधा प्रश्न होता, टोमणाही नव्हता. मला माझ्या खांद्यावरची पर्स जाणवली. बारावीचं प्रॅक्टिकल होतं, द्रावणं करून ठेवायची होती. मी म्हटलं, मोजे तरी घाल गं, आणि पाखाडीनं खाली उतरून साडेआठची एसटी पकडली.